कोळंबीचं साल, बुंदीचा झारा आणि बारा तासांची गोळी

"अख्खी गिळायची. चावायची नाही, अर्धी करायची नाही." पाकिटावर पेनाने खूण करत मेडिकलवाला हे बजावतो, आपण मान डोलावतो आणि घरी येऊन सुरी शोधतो. (आमच्याकडे हा प्रयोग झालेला आहे. तपशिलात शिरत नाही.) पण बारा तासांतून एकदाच घ्यायच्या गोळीत नुसतं औषध नसतं. औषधाला धरून ठेवणारं आणि बेताबेताने सोडणारं आणखी काहीतरी तिच्यात असतं. सुरी चालली की ती व्यवस्थाच मोडते आणि बारा तासांचं औषध अर्ध्या तासात अंगावर येतं.

हे 'आणखी काहीतरी' बऱ्याचदा माणसाने बनवलेलं रसायन असतं. पण प्रयोगशाळांमध्ये आणि काही औषधांत हेच काम समुद्रातलं शेवाळ, कोळंबीची सालं, हाडांचा अर्क, झाडाचा डिंक, गवारीच्या बिया असली मंडळीही करतात. यांना म्हणायचं नैसर्गिक पॉलिमर. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांबलचक माळ. पाण्यात पडली की ती फुगते, गुंतते, चिकट होते. भेंडी चिरताना बोटांना लागतं, तेच ते. स्वयंपाकघरात ज्या बुळबुळीतपणाला आपण नाकं मुरडतो, त्यावर फार्मसीवाल्यांचे पीएचडीचे प्रबंध उभे आहेत.

आधी माप घेऊ

या पॉलिमरांचे औषध भरलेले सूक्ष्मकण करतात. सूक्ष्मकण म्हणजे साधारण १ ते १००० मायक्रॉनचा गोळा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो, रक्तातली तांबडी पेशी ७-८. म्हणजे या कुटुंबातला थोरला खसखशीच्या दाण्याएवढा दिसेल आणि धाकटा सूक्ष्मदर्शकाशिवाय दर्शन देणार नाही.

माप चुकलं तर काम बिघडतं. श्वासातून घ्यायच्या औषधाचा कण १ ते ५ मायक्रॉनचा हवा. त्याहून मोठा झाला तर घशातच बसतो, फार बारीक झाला तर आला तसा उच्छ्वासाबरोबर परत जातो.

उलट, कण मुद्दाम अडकवायचा असेल तर? फुफ्फुसाच्या एका तपासणीत माणसाच्याच रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे कण शिरेतून सोडतात. बहुतेक कण १० ते ९० मायक्रॉनचे, वर किरणोत्सारी टेक्निशियमची खूण लावलेली. फुफ्फुसातल्या केसासारख्या वाहिन्या यांच्यापेक्षा अरुंद, त्यामुळे कण तिथेच अडकून बसतात आणि कॅमेऱ्यात चमकतात. जिथे चमक नाही तिथे रक्त पोचत नाही, म्हणजे बहुधा गुठळी. काही लाख कण सोडूनही हजारातली एखादीच वाहिनी बंद होते, आणि थोड्या तासांत प्रथिन विरघळून तीही मोकळी होते.

झारा आहे, कढई आहे, तेल नाही

बुंदी पाडताना पाहिली असेल तर शेवाळातल्या अल्जिनेटचे कण कसे करतात हे तुम्हाला निम्मं माहीतच आहे. पीठ झाऱ्यातून थेंबाथेंबाने तेलात पडतं आणि पडल्या पडल्या गोल होऊन आवळतं. इथे पिठाच्या जागी सोडियम अल्जिनेटचं पाणी, त्यात कालवलेलं औषध, झाऱ्याच्या जागी इंजेक्शनची सुई आणि तेलाच्या जागी कॅल्शियम क्लोराइडचं थंड पाणी. थेंब पडला की क्षणात त्याचा जेलीसारखा मणी होतो. आच नाही, धूर नाही. म्हणून उष्णतेने मरणाऱ्या गोष्टीही यात कोंडता येतात, अगदी जिवंत पेशीसुद्धा.

आत घडतं ते असं. अल्जिनेटच्या माळेला ठरावीक अंतरावर खाचा असतात. दोन माळा समोरासमोर आल्या की त्या खाचांत कॅल्शियमचा एकेक अणू जाऊन बसतो, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसतात तसा. १९७३ साली शास्त्रज्ञांनी या रचनेला नावच दिलं 'एग-बॉक्स मॉडेल'. शास्त्रीय परिभाषा इतकी सोपी क्वचितच असते.

अल्जिनेट पहिल्यांदा वेगळं काढलं ते एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तेव्हा शेवाळ जाळून आयोडीन काढायचा धंदा होता. जाळण्यात बाकीचा माल फुकट जातो, हे त्याला खुपत होतं. त्या खटपटीतून हा चिकट पदार्थ हाती आला आणि १८८१ मध्ये त्याने पेटंट घेतलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानचं अगर मिळेनासं झालं, तेव्हा दंतवैद्यांनी दातांचा साचा घ्यायला अल्जिनेट हाताशी धरलं. दवाखान्यात तोंडात कोंबतात तो गुलाबी लगदा बहुधा हाच. आणि २००३ च्या सुमारास स्पेनमधल्या 'एल बुयी' या उपाहारगृहात शेफ फेरान आद्रियाने खरबुजाच्या रसाचे असेच मणी पाडून 'कॅव्हिअर' म्हणून वाढले. जगभरच्या खवय्यांनी तोंडात बोटं घातली. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना मात्र ते आपलंच प्रॅक्टिकल वाटलं असणार.

अल्जिनेटच्या मण्यांची सर्वांत धाडसी कामगिरी १९८० सालची. लिम आणि सन या दोघांनी इन्सुलिन बनवणाऱ्या जिवंत पेशी अशा मण्यांत कोंडून मधुमेही उंदरांच्या पोटात सोडल्या. मण्याच्या जाळीतून साखर आत जाई, इन्सुलिन बाहेर येई, पण परक्या पेशी दिसल्या की हल्ला करणाऱ्या शरीराच्या शिपायांना आत शिरायला वाव नसे. दोन-तीन आठवडे उंदरांची साखर ताळ्यावर राहिली. तो लेख 'सायन्स' मध्ये छापून आला. तेव्हापासून हे काम अजून 'होत आलंय' याच टप्प्यावर आहे. शरीर त्या मण्याभोवतीच हळूहळू तंतूंचं अस्तर चढवतं आणि आतल्या पेशींचा श्वास कोंडतो.

कोळंबी सोला, सालं टाकू नका

कोळंबीचं डोकं आणि साल मिळून तिच्या वजनाचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग होतो. हे घरी सांगितलं तर कोळीणबाईंशी भाव करायला नवा मुद्दा मिळेल, पण शास्त्रज्ञांना त्या सालातलं कायटिन हवं असतं. ते दाट अल्कलीत तापवलं की कायटोसान होतं. ही युक्ती १८५९ साली शार्ल रूजे या फ्रेंच माणसाने शोधली. कायटोसान हे नाव त्याला ३५ वर्षांनी, १८९४ मध्ये मिळालं. बारसं जरा लांबलं.

कायटोसानची खासियत त्याच्या विजेत आहे. निसर्गातले बहुतेक चिकट पॉलिमर ऋणभारित किंवा तटस्थ. कायटोसान आम्लात धनभारित होतं. नाकाच्या आतला शेंबूड, आतड्यावरचा चिकट थर हे सगळं ऋणभारित. त्यामुळे कायटोसानचा कण तिथे जाऊन चिकटतो आणि औषधाला मुक्कामाला वेळ मिळतो. तांबड्या पेशींचा पृष्ठभागही ऋणभारित, म्हणून जखमेवर कायटोसान लावलं की पेशी गोळा होऊन रक्त थांबायला मदत होते. अशा पट्टीला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली आणि ती थेट सैनिकांच्या पिशवीत गेली.

आता गंमत. अल्जिनेट आम्लात आवळतं आणि आतड्यात गेल्यावर सैल पडतं. कायटोसान नेमकं उलटं: आम्लात विरघळतं, आतड्यात ताठ राहतं. म्हणून दोघांचं लग्न लावतात. अल्जिनेटचा मणी कायटोसानच्या पाण्यात बुडवला की ऋण-धन ओढीने वर एक पातळ पडदा चढतो. एकट्याने दोघांनाही जमत नाही ते जोडीने जमतं. असे संसार पत्रिका न पाहताही टिकतात.

कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना प्रश्न पडेलच. ती ॲलर्जी मुख्यतः कोळंबीच्या मांसातल्या प्रथिनाची असते, कायटिनची नव्हे. तरीही माल शुद्ध हवाच. आणि ज्यांना कोळंबी मुळातच वर्ज्य, त्यांच्यासाठी बुरशीपासूनही कायटोसान काढतात.

एकच माणूस, सगळीकडे

बुरशीवरून आठवलं. कायटिन सापडलं तेच मुळी आळिंबीत. १८११ साली, फ्रान्समधल्या नान्सी गावच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख आंरी ब्राकोनो यांना. याच ब्राकोनोंनी १८२० मध्ये जिलेटिन आम्लात उकळून गोड स्फटिक मिळवले. ते ग्लायसिन निघालं, आपल्या प्रथिनांतलं सर्वांत छोटं अमिनो आम्ल. १८२५ मध्ये फळांतला गोठणारा पदार्थ वेगळा काढून त्याला पेक्टिन म्हणणारेही हेच. कायटिन, जिलेटिन, पेक्टिन: आज सूक्ष्मकणांवर चालणाऱ्या संशोधनातले तीन मोठे खेळाडू एका माणसाच्या पातेल्यातून गेलेले. फार्मसीच्या पुस्तकांत या गृहस्थांचा फोटो दिसत नाही, हे मला फारसं न्यायाचं वाटत नाही.

संक्रांतीचा हलवा आणि १९५२

तिळावर किंवा खसखशीवर चमचा-चमचा पाक सोडत, मंद शेगडीवर परातीत बोटांनी दाणे फिरवत हलवा करणाऱ्या आज्या आता कमी झाल्या. पण फिरत्या दाण्यावर थरावर थर चढवायची ही रीत मिठाईवाल्यांची, आणि एकोणिसाव्या शतकात औषधवाल्यांनी ती मिठाईवाल्यांकडूनच उचलली. कडू गोळीवर साखरेचा अंगरखा चढवायला.

१९५२ मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकी कंपनीने त्यात एक पाऊल पुढे टाकलं. साखरेच्या बारीक दाण्यांवर औषध चढवलं, त्यावर मेण आणि मेदाचे थर दिले. काहींवर पातळ, काहींवर जाड. मग सगळे एकाच कॅप्सूलमध्ये भरले. पातळ कोटवाले दाणे आधी विरघळणार, जाडवाले नंतर. 'स्पॅन्स्यूल' हे तिचं नाव. रंगीबेरंगी दाण्यांची पारदर्शक कॅप्सूल आजही दिसते, ती याच घराण्यातली. फरक एवढाच, की आजीला हलव्यावर काटा हवा असतो आणि कारखान्याला दाणा गुळगुळीत.

बिलबुकातलं जिलेटिन

औषधाच्या सूक्ष्म कुप्या मोठ्या प्रमाणावर करायची एक महत्त्वाची युक्ती दवाखान्यातून नाही, हिशोबाच्या वहीतून आली. कार्बन न घालता खालच्या पानावर उमटणारं बिलबुक घ्या. छापखान्यात त्या कागदाला अजूनही 'एनसीआर पेपर' म्हणतात. एनसीआर म्हणजे नॅशनल कॅश रजिस्टर, दुकानांतले गल्ले बनवणारी ओहायोमधली कंपनी. तिथल्या बॅरेट ग्रीन यांनी १९५० च्या दशकात जिलेटिन आणि बाभूळ कुळातला डिंक पाण्यात एकत्र करून, रंगहीन शाईच्या थेंबाभोवती त्यांचं कवच बसवलं. वरच्या पानाच्या पाठीवर अशा लाखो कुप्या. पेनाचा दाब पडला की कुपी फुटते, शाई खालच्या पानावरच्या मातीच्या थराला भिडते आणि निळी होते.

शाईच्या जागी औषध घाला, झालं. पुढे वास येणारी 'खरवडा आणि हुंगा' स्टिकर्सही याच वाटेने आली.

लाक्षागृह, पण चांगल्या कामासाठी

लाखेचा किडा फांदीवर स्वतःभोवती जी राळ सोडतो तीही नैसर्गिक पॉलिमरच. दुर्योधनाने ती घर जाळायला वापरली, गोळ्या करणाऱ्यांनी गोळी वाचवायला. शुद्ध केलेली लाख पोटातल्या आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळते. प्लास्टिक येण्याआधीच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्याच होत्या. म्हणजे बालगंधर्वांचं गाणं आणि पोटात न विरघळणारी गोळी, दोघांचा आधार एक किडा.

गवारीची लांब पल्ल्याची गाडी

मोठ्या आतड्याच्या सुजेवरचं औषध वाटेत पोटात आणि लहान आतड्यात शोषलं गेलं तर उपयोग काय? ते थेट शेवटच्या स्टेशनावर उतरायला हवं. इथे गवार कामाला येते. गवारीच्या बियांतला डिंक माणसाला पचत नाही. आपल्याकडे त्याची किल्लीच नाही. किल्ली आहे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे. गवार-डिंकाच्या किंवा पेक्टिनच्या आवरणातलं औषध वरच्या आतड्यात बरंचसं बांधलेलं राहतं आणि जिवाणूंच्या राज्यात पोचल्यावर ते आवरण खाऊन टाकतात. गवारीची भाजी खाल्ल्यावर पोटात जो वारा धरतो, त्यातही याच मंडळींचा हात असतो. तक्रार करायची की वापरून घ्यायचं, हा दृष्टिकोनाचा प्रश्न.

जगातली सुमारे ८० टक्के गवार भारतात पिकते, त्यातली बहुतेक राजस्थानात. २०१२ च्या आसपास तिचे भाव आकाशाला भिडले होते, पण ते औषधामुळे नव्हे. अमेरिकेत खडक फोडून तेल-वायू काढताना पाणी दाट करायला हाच डिंक लागतो. तेलवाल्यांपुढे फार्मसीची मागणी म्हणजे चिमूटभर.

फुकटच्या कॅप्सूल

कारखान्याला सगळे कण एकाच मापाचे काढताना घाम फुटतो. लायकोपोडियम नावाची एक नेच्यांची दूरची नातलग वनस्पती मात्र साधारण २५ मायक्रॉनचे, एकासारखा एक बीजाणू लाखोंनी देते. आतला ऐवज धुऊन काढला की उरतं स्पोरोपोलेनिनचं रिकामं कवच. हा पदार्थ इतका चिवट की परागकणांची कोट्यवधी वर्षांपूर्वीची कवचं खडकांत शाबूत सापडतात. त्या पोकळीत औषध भरायचे प्रयोग चालू आहेत. याच बीजाणूंची पूड पूर्वी गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून भुरभुरत. आणि १८०७ मध्ये फ्रान्सच्या निएप्स बंधूंनी तीच जाळून एका इंजिनावर सोन नदीत होडी चालवली होती. त्यांतला एक पुढे छायाचित्रणाचा जनक झाला, पण ते वेगळं पुराण.

पाव फुगवणाऱ्या यीस्टचंही असंच. आतलं सगळं धुतलं की २ ते ४ मायक्रॉनची पोकळ पिशवी उरते. शरीरातल्या भक्षक पेशी तिला बुरशी समजून गिळतात, आणि आत लपवलेलं औषध आपल्या पायांनी चालत पेशीत पोचतं.

मग घोडं कुठे अडलं?

पहिली अडचण दारातल्या प्रवाशांची. एसटी फलाटाला पुरती लागायच्या आत दारात उभे असलेले धडाधड उड्या मारतात. तसंच कणाच्या पृष्ठभागावरचं औषध पहिल्या तासा-दोन तासांतच सुटून जातं. बारा तासांचा संथ झरा कागदावरच राहतो. उपाय म्हणून माळांमध्ये आडवे टाके घालतात. जिलेटिनला पूर्वी फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लुटाराल्डिहाइडचे टाके घालत, पण हे दोन्ही पेशींना विषारी. आता जेनिपिनकडे डोळे आहेत. ते आपल्या अंगणातल्या अनंताच्या जातीच्या फळांतून मिळतं, ग्लुटाराल्डिहाइडपेक्षा बरंच सौम्य. टाके पडले की माल निळा होतो.

दुसरी अडचण अधिक चिवट. निसर्ग एका मापाने शिवत नाही. एकाच जातीचं शेवाळ, पण पानाचं अल्जिनेट वेगळं, देठाचं वेगळं, हंगामागणिक वेगळं. कोळंबीच्या सालाचं तेच. प्रबंधात कण सुरेख वागतात. दुसऱ्या खेपेच्या कच्च्या मालात त्यांचा स्वभाव बदलतो आणि औषध नियंत्रकाला 'यंदा पाऊस कमी झाला' हे कारण चालत नाही. म्हणून महिन्यातून एकदा टोचायच्या सूक्ष्मकणांच्या इंजेक्शनांत बाजी मारली ती पीएलजीए या कृत्रिम पॉलिमरने. अमेरिकेत १९८९ पासून ती मिळतात. 'नैसर्गिक' हा शब्द वेष्टनावर छान दिसतो, पण मला विचाराल तर तो गुण कमी आणि जबाबदारी जास्त आहे.

आणि तरीही, फ्रिजच्या दारात

घरात मधुमेह असेल तर फ्रिजच्या दारात एक दुधाळ बाटली असते. स्वच्छ इन्सुलिन पाण्यासारखं दिसतं, हे ढगाळ. तो ढग म्हणजे लाखो सूक्ष्म स्फटिक, इन्सुलिन आणि प्रोटामिनचे. प्रोटामिन हे सामन कुळातल्या माशांच्या वीर्यातून मिळालेलं प्रथिन. डीएनए घट्ट गुंडाळून ठेवणं हे त्याचं मूळचं काम. फ्रिडरिश मीशर या स्विस संशोधकाला ते १८७४ मध्ये ऱ्हाइन नदीच्या सामनमध्ये सापडलं. डीएनए पहिल्यांदा वेगळं काढणारा तो हाच.

इन्सुलिन १९२१ मध्ये सापडलं, पण त्याचा असर काही तासांत ओसरे, आणि दिवसातून अनेकदा टोचून घ्यावं लागे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियान हागेदोर्न यांनी त्यात प्रोटामिन मिसळलं. धनभारित प्रोटामिन, ऋणभारित इन्सुलिन: कायटोसान-अल्जिनेटचीच गोष्ट, फक्त पात्रं वेगळी. जोडी पाण्यात विरघळेना, कातडीखाली ठाण मांडून बसे आणि इन्सुलिन थोडं थोडं सोडे. दहा वर्षांनी त्याचे नेटके स्फटिक जमले, ते 'एनपीएच' इन्सुलिन. त्यातला 'एच' म्हणजे हागेदोर्न. पुस्तकी व्याख्येत हे वाहक कणांत मोडणार नाही, कारण इथे माल आणि गाडी एकाच स्फटिकात आहेत. व्याख्या थोडी ताणून मी ते इथे घेतलं आहे.

आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं ३०/७० इन्सुलिन म्हणजे ३० भाग स्वच्छ आणि ७० भाग हे ढगाळ. बाटली उभी राहिली की स्फटिक तळाला बसतात आणि तशीच सुई भरली तर डोस चुकतो. खसाखसा हलवली तर फेस होतो. म्हणून जेवणाआधी आजोबा चष्मा कपाळावर सरकवून ती दोन तळहातांत धरतात आणि वळवटाची शेवई वळावी तशी हळूहळू फिरवत राहतात, तळाची पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत.